लॉगला मराठीत काय म्हणता? (टोपणनावांनी चाललेली चर्चा)

तळटीप: सर्व्हर-सुरक्षेच्या नियमावलीचं मराठी करतोय. 'अ‍ॅडमिनने शेलमध्ये दिलेल्या प्रत्येक कमांडचा लॉग राहिला पाहिजे' या वाक्यात (शेल म्हणजे कमांड टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम, लॉग म्हणजे घडेल तशी होणारी नोंद) 'आज्ञांचा इतिहास' लिहिलं, तर तपासनिसांनी लाल रेघ ओढली. का?

रूटवाला: बरोबर ओढली. बॅश या शेलची हिस्टरी हा लॉग नव्हेच. जुनी कमांड बाण दाबून परत आणायची ती सोय. फाइल ज्याची त्याच्याच ताब्यात, हवी ती ओळ उडवा. शिवाय शेल नीट बंद झाल्यावरच ती सहसा लिहिली जाते; मध्येच किल -९ करून तो जबरदस्तीने बंद पाडला तर त्या सत्रातलं काहीच उरत नाही. सुरक्षेसाठी ऑडिटडी हा लिनक्सवरचा नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम लावतात. एक्झेकव्हीई या सिस्टिम कॉलवर (प्रोग्रॅम सुरू करायच्या विनंतीवर) नियम घातला की चालवलेला प्रत्येक प्रोग्रॅम यंत्रणेचा गाभा, म्हणजे कर्नलच टिपतो, आणि सुडो करून रूट, म्हणजे सर्वाधिकारी, झालात तरी मूळ लॉगिनचा एयूआयडी (ओळख-क्रमांक) बदलत नाही. फोल्डर बदलणाऱ्या सीडीसारख्या शेलच्या पोटातल्या कमांडी मात्र त्यात सापडत नाहीत.

कानामात्रा: 'कमांडी'?! आज्ञा म्हणा हो. आणि लॉगला 'कीर्द', हिशेबाची रोजची वही. घडेल त्या क्रमाने लिहायचं, चुकलं तरी खोडायचं नाही, उलट नोंद करायची.

रूटवाला: कल्पना झकास. पण रूटला खोडता येतंच, म्हणून तर लॉग लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवतात.

पोटफोड्या ष: कीर्द तरी कुठे 'आपली'? फारसीतून आली. तिला नागरिकत्व आणि लॉगला नाही? मूळ लॉग म्हणजे ओंडका. जहाजाचा वेग मोजायला गाठी मारलेल्या दोरीला बांधून पाण्यात टाकत, ते आकडे लिहायची ती लॉगबुक.

जुनापाना: मग 'बखर' घ्या! खबर उलटून बखर झाली म्हणतात.

कानामात्रा: म्हणतात खरं, सगळ्यांना पटलेलं नाही. आणि बखरीत पदरचं फार. सुरक्षेच्या कामाला नको.

तळटीप: 'आज्ञानोंद' चालेल का?

पोटफोड्या ष: 'आज्ञावली'शी घोळ होईल, तो प्रोग्रॅम. सरळ लॉगच ठेवा.

जुनापाना: ठेवा, पण 'तो लॉग' की 'ते लॉग'?

रूटवाला: तो.

कानामात्रा: आमच्याकडे सर्रास 'ती लॉग फाइल', मग नुसती 'ती लॉग'.

तळटीप: अहो, वाक्याचं काय करू?

पोटफोड्या ष: आधी लिंग ठरू द्या.