पाणी म्हणजे भीती? हा तक्ता नक्की कुणाचा?

खाडीपलीकडची (गुहागर)

गेल्या महिन्यात इथे समुद्राकाठी ‘पंचतत्त्व आणि भावशुद्धी’ असं दोन दिवसांचं शिबिर झालं. नणंदेने पैसे भरले होते, ती आयत्या वेळी अडकली, म्हणून मी गेले. सुरूच्या बनात सतरंज्या, सुंठ घातलेलं कोमट पाणी, मंद बासरी. तक्रार करावी असं काही नव्हतं. मग भिंतीवरचा तक्ता वाचला.

लाकूड – राग – यकृत. अग्नी – आनंद – हृदय. पृथ्वी – चिंता – प्लीहा. धातू – शोक – फुप्फुस. पाणी – भीती – मूत्रपिंड. खाली सोनेरी अक्षरांत ‘आपल्या ऋषींची देणगी’.

मी शाळेत शिकवते. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश हे पोरांकडून घोकून घेते. यात लाकूड कुठून आलं आणि वारा-आकाश गेलं कुठे? घरी येऊन शोधलं तर हा तक्ता चिनी वैद्यकाचा निघाला, ‘हुआंगदी नेइजिंग’ या दोनेक हजार वर्षं जुन्या ग्रंथाच्या परंपरेतला. चिनी असणं हा काही गुन्हा नाही. पण मग तसं लिहा ना! ऋषींच्या नावावर का खपवता?

संध्याकाळी आम्हाला गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि ‘तुमची भीती पाण्याला देऊन टाका’ म्हणून सांगितलं. स्वयंपाकघरात मासळी देऊन परत निघालेली एक मावशी टोपली डोक्यावर तशीच ठेवून बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून डोळ्यांपुढून जात नाही.

माझं म्हणणं एवढंच: भावनांना निसर्गाची नावं देणं ही भाषा आहे. तळपायाची आग मस्तकाला जाते, डोक्यात हवा जाते, भीतीने काळजाचं पाणी होतं. ही भाषा जिथली तिथे शोभते. तिचा तक्ता करून रोग्याचं निदान करायला बसलात की घोटाळा होतो.

सुंठसाखर (देवरूख)

ताई, तक्त्याबद्दल तुमचं बरोबर, पण निष्कर्ष घाईचा. मी वैद्य आहे. चरकसंहितेत ज्वरचिकित्सेत स्पष्ट आहे: ‘कामशोकभयाद्वायुः क्रोधात् पित्तम्’. काम, शोक, भय यांनी वायू बिघडतो, क्रोधाने पित्त. म्हणजे आपल्याकडे भीतीची जोडी वाऱ्याशी आहे, पाण्याशी नाही. आणि ही नुसती भाषा नव्हे. घाबरलेल्या माणसाकडे बघा: तोंड कोरडं, हात थरथरतात, झोप उडते, पोटात कळ येते. कोरडेपणा, कंप, अस्थिरता हे सगळं वाताच्या वर्णनात जसंच्या तसं आहे. हे लोक बारकाईने बघत होते.

शिवाय चरकाने एवढं सोपं समीकरण मांडलेलंच नाही. वात, पित्त, कफ हे शरीराचे दोष. मनाचे दोष वेगळे, रज आणि तम. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. शिबिरवाल्यांना हे सांगत बसलं तर तक्ता भिंतीवर मावणार नाही.

मायक्रोस्कोप (चिपळूण)

वैद्यबुवा, राग मानू नका, पण ती सगळी लक्षणं अ‍ॅड्रेनालिनचीही आहेत आणि त्याला वारा लागत नाही.

आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. वहिनीला छातीत धडधड, हात कापायचे, उगाच भीती, रात्र रात्र जागी. कुणीतरी म्हणालं वायुतत्त्व चढलंय. चार महिने तेलं, धुऱ्या आणि मातीवर अनवाणी चालणं झालं. वजन नऊ किलोने उतरलं तेव्हा कुठे रक्त तपासलं. थायरॉइड भरमसाट वाढलेला. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत ‘भीती’ गेली. ते चार महिने कुणाच्या खात्यावर लिहायचे? वर्णन बारकाईचं असेल हो, पण कारण चुकलं की उपाय चुकतो.

ग्रीकांकडेही हेच होतं. चार मूलतत्त्वं, चार रस. काळं पित्त वाढलं, ते मातीसारखं थंड आणि कोरडं, म्हणून माणूस खिन्न. मेलँकली हा शब्द त्या काळ्या पित्तावरूनच आला. शब्द अजून वापरतात, पण काळं पित्त काढायला आता कुणी शिरा कापत नाही.

रापणकार (मालवण)

वैद्यांनी सांगितला ता आमच्या आज्याक चरक न वाचता म्हायत होता. पाण्याक कोण भियता? वाऱ्याक भियतत.

(सगळ्यांसाठी मराठीत लिहितो.) रात्री मतलई वारा जमिनीकडून दर्यात जातो, दुपारी खारा वारा उलट येतो. त्या दोघांच्या हिशोबावर शिडाच्या होड्या चालायच्या. वारा वेळेवर आला तर पोट भरतं, नको तेव्हा फिरला तर होडी परत येत नाही. आमच्याकडे घरातली बाई तांदूळ निवडताना मध्येच थांबून माडाच्या झावळांकडे बघते. पाण्याकडे नाही. झावळ्या कुठल्या बाजूला कलल्यात ते बघते. भीती तिथे राहते.

पाण्याला आम्ही नारळी पौर्णिमेला नारळ देतो. ज्याची नुसती भीतीच वाटते त्याला ओवाळतं का कोण? चिनी माणसाला पाणी म्हणजे भीती वाटली असेल. तिकडे नद्यांचे पूर बघितले असतील, मला काय ठाऊक. तक्ता जिथे लिहिला तिथला वारा-पाणी त्यात येणारच.

फक्त वाचक

‘चिनी माणसाला पाणी म्हणजे भीती’ हा तर्क मस्त, पण पुरावा शून्य 😄

रापणकार (मालवण)

पुरावो व्हयो तर दुसऱ्या धाग्यार जावा.

ओहोटी (हर्णै)

मी सहसा लिहीत नाही. पण मायक्रोस्कोप यांचं वाचून राहवलं नाही.

2009 च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा माझे काका समुद्रात होते. ते आले नाहीत, होडीही नाही. अंत्यसंस्कार करायला देह नव्हता. शेवटी भटजींनी दर्भाचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. राख खाडीत सोडली. तोवर काकू रोज दोन ताटं वाढायची. पुतळा जळताना ती पहिल्यांदा रडली. त्या रात्रीपासून एकच ताट.

आता सांगा, याला कुठली गोळी होती? अग्नी, पाणी, माती यांतून माणसाला हातांनी करण्यासारखं काहीतरी मिळतं. कारण बरोबर आहे की चूक हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. खाडीपलीकडची ताई, तुम्ही ‘ही नुसती भाषा’ म्हणता, पण त्या भाषेने काकूला परत आणलं. शिबिरात कुणी एखादी बाई खरंच मोकळी झाली असेल तर तक्ता चिनी होता म्हणून तिचं रडणं खोटं ठरत नाही.

मायक्रोस्कोप (चिपळूण)

ओहोटीताई, तुमच्या काकूंच्या बाबतीत मी एक शब्द बोलणार नाही. पण तुमच्या भटजींनी मूत्रपिंड कमकुवत झालंय असं सांगितलं नव्हतं, आणि दोन दिवसांची फीही घेतली नव्हती. माझं भांडण तेवढ्याशी आहे.

सुंठसाखर (देवरूख)

वहिनींच्या बाबतीत रक्त आधी तपासायला हवं होतं, मान्य. धडधडीचा रुग्ण आला की मीही थायरॉइड बघायला सांगतो, पण तुमच्याकडे कुणी सांगितलं नाही हे वाईट झालं.

एक गंमत मात्र सांगतो. चिनी परंपरेत धातू लाकडाला तोडतो, म्हणून शोकाने राग शमतो असं मानतात. आणि चरक उन्मादाच्या प्रकरणात सांगतो की काम, शोक, भय, क्रोध यांतून आलेला विकार त्यांच्याच विरुद्ध भावनेने शांत करावा. दोघांच्या तत्त्वांच्या याद्या जुळत नाहीत, पण एका भावनेवर दुसरी भावना उतारा म्हणून चालते हे दोघांनाही दिसलं होतं. ओहोटीताईंच्या काकूंचं रडणं मी त्याच जागी ठेवीन.

खाडीपलीकडची (गुहागर)

ओहोटी, ‘नुसती’ हा शब्द मी लिहिला नव्हता, पण मनात होता हे खरं. तो मागे घेते. तक्त्याबद्दलचं मात्र घेत नाही.

काल सातवीच्या वर्गात विचारलं, राग कशासारखा असतो? मला वाटलं सगळे आग म्हणतील. निम्म्यांनी म्हटलंही. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, फणसाच्या चिकासारखा. एकदा लागला की पाण्याने धुऊन जात नाही, ज्याला शिवाल त्यालापण चिकटतो.” मग कशाने जातो, विचारलं. “तेल लावून, हळूहळू.”

मायक्रोस्कोप (चिपळूण)

खोबरेल सांगा त्याला. आमच्याकडे पोरं रॉकेल लावतात.