परदेशातल्या जुन्या मळ्यांच्या बागा : तुमचे अनुभव लिहा

ऊसमळे, भातमळे, चहामळे यांच्या जुन्या बागा आता परदेशी सहलीत हटकून असतात. फोटो सगळ्यांकडे आहेतच. इथे बाकीचं लिहा : काय आवडलं, काय खटकलं, गाईडने काय सांगितलं आणि काय गाळलं. सुरुवात मी करते.

आम्ही मॉरिशसला समुद्रासाठी गेलो होतो. पाम्पलमूसची बाग झाली ती सासूबाईंच्या हट्टामुळे. अठराव्या शतकात ला बूर्दोने या फ्रेंच गव्हर्नरने ही इस्टेट घेतली, तेव्हा इथे मुख्यतः भाजीपाला पिकायचा. 1770 च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने मसाल्यांवरची डचांची मक्तेदारी मोडायला इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांकडून जायफळ-लवंगेची रोपं चोरून आणवली आणि इथे रुजवली. श्रीखंडात आपण निवांत किसतो त्या जायफळामागे एवढी हेरगिरी! तळ्यातल्या अॅमेझॉनच्या कमळांची पानं परातीसारखी, काठ वर वळलेले. फूल पहिल्या रात्री पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. तालिपॉट ताड कित्येक दशकांनी एकदाच फुलतो आणि मग मरतो. सासूबाईंना मात्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांची समाधी बघायची होती, बागेला आता नावही त्यांचंच आहे.
शेजारी बो प्लाँचा जुना साखर कारखाना आहे. तो 1999 मध्ये बंद पडला, आता तिथे संग्रहालय आहे. गुलामगिरी आणि मजुरांबद्दल तिथे नीट लिहिलंय. शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात. मुलांना अर्थातच तेवढंच आठवतंय.

*

ताई, तुम्ही पोर्ट लुईचा अप्रवासी घाट, म्हणजे करारावरचे मजूर जिथे उतरवायचे तो धक्का, केलात का? नसेल तर पुढच्या वेळी आधी तिथे जा, मग बागेत. आमचा टॅक्सीवाला मराठी घरातला निघाला. पूर्वज रत्नागिरीकडचे, एवढंच त्याला माहीत. बोलायचा क्रिओल, ही तिथली फ्रेंचवरून आलेली बोली, पण गणपतीचा विषय निघाल्यावर खुलला. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते! 1834 पासून हिंदुस्तानातून करारावर मजूर नेले. त्यातले साडेचार लाखांच्या वर त्या बेटावर उतरले. घाटावर आता थोड्या दगडी पायऱ्या आणि काही खोल्या उरल्यात, बघायला अर्धा तास पुरतो. तिथून थेट उसाच्या शेतांमधून पाम्पलमूसला गेलो, तर रस्ताभर कोणीच बोललं नाही.

*

मी मूळची गोव्याची, सध्या अमेरिकेत. साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनजवळ मिडलटन प्लेस आहे. बाग 1741 ला सुरू झाली. नदीकडे उतरत जाणाऱ्या हिरवळीच्या पायऱ्या, खाली फुलपाखराच्या पंखांसारखी दोन तळी. मुख्य वाडा यादवी युद्धात 1865 ला जाळला गेला, उरलेल्या भिंती 1886 च्या भूकंपात पडल्या. त्यामुळे बागेच्या मध्यावर घरच नाही, हे मला उलट बरं वाटलं. नजर बागेवर राहते.
पण मी अडकले ती भाताच्या छोट्या खाचरापाशी. हा सगळा थाट तांदळावर उभा होता. त्या किनाऱ्यावर भरतीच्या जोराने नदीचं गोडं पाणी वर चढतं, ते बांधातल्या लाकडी दारांतून खाचरात घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं. आमच्या गोव्याच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंद शेतीत, मानस (बांधातलं पाण्याचं दार) असते ना, तीच जात! फक्त आमच्याकडे दार खारं पाणी अडवायला. बांध घालणं किती जीव काढतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तिथे ते काम गुलाम करायचे, दलदलीत, डासांत. त्यांतले कित्येक पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या मुलखातून आणलेले. म्हणजे हातांबरोबर अक्कलही त्यांचीच वापरली. बागेच्या मुख्य फेरीत कॅमेलियाच्या झाडांवर भरपूर बोलतात. गुलामांची माहिती वेगळ्या घरात मांडली आहे. चांगली मांडली आहे, पण मुद्दाम वळून जावं लागतं. माझ्या मते ती तळ्यांच्या काठावरच हवी.

*

अमेरिकेतच लुईझियानातला ओक अॅली हा जुना ऊसमळा आम्ही पाहिला. अठ्ठावीस प्रचंड ओकांची दुतर्फा रांग. झाडं वाड्याच्याही आधीची आहेत, हे बहुतेकांना खरं वाटत नाही. तिथला अंत्वान नावाचा माळी गुलाम होता. त्याने 1840 च्या दशकात पिकानचं (अक्रोडासारखं फळ देणारं झाड) कलम करून दाखवलं, ते नंतर 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात गाजलं. आमच्या घरी आंब्याची कलमं बांधतात, त्यामुळे बाबा त्या पाटीसमोर बराच वेळ उभे होते. वाड्यासमोर लग्नाचे फोटो काढणारी जोडपी मला बघवेनात. त्याच भागात व्हिटनी मळा आहे, 2014 ला खुला झालेला. तिथे बागेचं कौतुक नाही, भिंतींवर गुलामांची नावं कोरली आहेत. एकच करता येणार असेल तर व्हिटनी करा.

*

सगळ्यांचं वाचलं, पण सुट्टीला गेल्यावर माणसाने झाडं बघू नयेत का? मी पाम्पलमूसला सकाळभर फक्त ताड बघत फिरलो, मजा आली.

*

बघा ना, कोण नको म्हणतंय! पण गाईड घ्या. तिथे झाडांच्या पाट्या सगळीकडे नाहीत, दालचिनीचं पान चुरगळून हातावर ठेवणारा माणूस सोबत हवा. डासांचं मलम आणि छत्री न्या, दुपारी सर येतेच. आणि कमळांचं तळं सकाळी लवकर करा, नंतर बसगाड्या भरून लोक येतात, फोटोत फक्त टोप्या.

*

कोणी श्रीलंकेत नुवारा एलियाकडचे चहामळे केलेत का? डिसेंबरात जायचंय. कारखाना दाखवतात हे माहीत आहे. मजुरांच्या वस्तीतून, त्यांना अवघड वाटू न देता, चालत जाता येतं का, तेवढं सांगा.