सर्च इंजिनांच्या जाहिरातयुद्धांवर सत्र घ्यायचंय, कोणती प्रकरणं निवडू?

दीपमाळ
मंडळी, सल्ला हवाय. जाहिरात शिकणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दीड तासाचं सत्र घ्यायचं आहे. विषय ठरलाय: सर्च इंजिन कंपन्यांनी एकमेकींविरुद्ध चालवलेल्या मोहिमा. शीतपेयांच्या आणि साबणांच्या लढाया या मुलांनी आधीच भरपूर ऐकल्यात. पण ज्या चौकटीत ती दिवसभर शब्द टाइप करत असतात, त्या चौकटीसाठी केवढी झटापट झाली याची त्यांना कल्पनाच नाही.

दोन प्रकरणं हाताशी आहेत, दोन्ही मायक्रोसॉफ्टची. एक सप्टेंबर २०१२ मधलं 'बिंग इट ऑन': नावं झाकून गूगलचे आणि मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनचे निकाल शेजारी शेजारी दाखवायचे आणि लोकांना निवडायला लावायचं. दुसरं त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरू झालेलं 'स्क्रूगल्ड': आधी गूगल शॉपिंगवर हल्ला, मग २०१३ मध्ये जीमेलवर, आणि वर्षअखेरीस तर गूगलची टर उडवणारे मग आणि टी-शर्ट विकायला काढले. निवडणूक प्रचारात मुरलेले मार्क पेन यामागे होते, त्यामुळे मोहिमेचा सूरही प्रतिस्पर्ध्याला बदनाम करणाऱ्या राजकीय प्रचारासारखाच लागला.

आणखी दोन-तीन प्रकरणं सुचवा, आणि सुरुवात कुठून करू तेही सांगा. थेट २०१२ पासून सुरू केलं तर अर्धी गोष्ट निसटेल असं वाटतंय. रँकिंगच्या गणितात मात्र शिरायचं नाहीये.

टांकसाळ
गोटू डॉट कॉमपासून सुरू करा, साल १९९८. जाहिरात शिकणाऱ्या मुलांना आधी पैसा कुठून कसा येतो ते कळायला हवं. बिल ग्रोस यांच्या या कंपनीने सर्चच्या निकालांतल्या जागांचा सरळ लिलाव मांडला. क्लिकमागे जो जास्त पैसे मोजेल तो वर. आणि जाहिरातदार एका क्लिकला किती देतोय ते त्या निकालाशेजारीच छापलेलं असायचं! हा एवढा एक तपशील जरी मुलांना दाखवलात तरी वर्गात चर्चा पेटेल.

त्याच वर्षी लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी आपल्या शोधनिबंधाच्या परिशिष्टात लिहिलं होतं की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणारच. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्याच गूगलने जाहिराती विकण्यासाठी अ‍ॅडवर्ड्स सुरू केलं आणि २००२ मध्ये त्यात क्लिकमागे पैसे घेणारा लिलाव आणला. मात्र नुसती बोली न पाहता लोक त्या जाहिरातीवर खरंच क्लिक करतात का, हेही धरलं. त्यामुळे कुणाला नको असलेली जाहिरात केवळ पैशाच्या जोरावर वर बसणं अवघड झालं. गूगलच्या पुढच्या सगळ्या श्रीमंतीचं मूळ मला या बदलात दिसतं.

गोटू २००१ मध्ये ओव्हरचर झाली. तिने २००२ मध्ये पेटंटवरून गूगलला कोर्टात खेचलं. त्याच वर्षी एओएल या इंटरनेट कंपनीसारखा मोठा भागीदार तिला सोडून गूगलकडे गेला. २००३ मध्ये याहूने ओव्हरचर सुमारे १.६ अब्ज डॉलरला विकत घेतली, आणि ऑगस्ट २००४ मध्ये शेअर बाजारात उतरण्याच्या तोंडावर गूगलने २७ लाख शेअर याहूला देऊन तो दावा मिटवला. गंमत म्हणजे २००० पासून याहूच्या पानावर निकाल दिसत होते ते गूगलचे. ज्याच्याशी लढायचं त्यालाच याहूने आपल्या गिऱ्हाईकांसमोर उभं केलं होतं.

चौकस
'बिंग इट ऑन' घेताय ते उत्तम, पण ते निम्म्यावर सोडू नका. जाहिरातीतला दावा होता की लोक जवळपास दोनास एक या प्रमाणात बिंग निवडतात. त्यामागे सुमारे हजार लोकांची पाहणी होती. येल विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक इयन एअर्स यांनी २०१३ मध्ये साधारण तेवढ्याच लोकांवर मायक्रोसॉफ्टचंच संकेतस्थळ वापरून प्रयोग केला. त्यांच्याकडे ५३ टक्क्यांनी गूगल निवडलं, ४१ टक्क्यांनी बिंग.

मुलांना शिकवण्यासारखा भाग पुढे आहे. एअर्स यांनी लोकांचे गट पाडले होते. काहींनी मनाला येईल ते शोधायचं, काहींनी लोकप्रिय शब्द, काहींनी त्या संकेतस्थळानेच सुचवलेले शब्द. सुचवलेल्या शब्दांवर दोन्ही इंजिनं बरोबरीत आली, बाकी दोन्हीकडे गूगल पुढे. म्हणजे प्रश्न कोण निवडतं यावर उत्तर फिरतं. शिवाय तुलनेत जाहिराती आणि गूगलची उजवीकडची माहितीची चौकट गाळलेली होती. मायक्रोसॉफ्टने या प्रयोगावर आक्षेप घेतले, तेही सांगा, एकतर्फी करू नका. पण तोवर त्यांच्याच जाहिरातीतला दोनास एक हा दावा जाऊन त्या जागी 'वेबवर सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी लोक बिंग पसंत करतात' अशा अर्थाचं सौम्य वाक्य आलेलं होतं.

वर्गातच हा प्रयोग करून घ्या. अर्ध्या वर्गाला तुम्ही शब्द द्या, अर्ध्याला स्वतःचे सुचू द्या. निकालांचं पान नुसत्या मजकुरात छापा, नाहीतर रंगावरून आणि मांडणीवरून मुलं लगेच ओळखतील.

आणि 'स्क्रूगल्ड'बद्दल एक: गूगल शॉपिंगमध्ये पैसे देणारेच दुकानदार दिसतात, हा आरोप खरा होता, गूगलने २०१२ मध्येच तसा बदल केला होता. पण 'सर्च इंजिन लँड' या सर्चविषयक बातम्यांच्या संकेतस्थळाने लगेच दाखवून दिलं की बिंगच्या शॉपिंगमध्येही पैसे घेऊन जागा दिली जात होती. दुसऱ्यावर चिखल उडवण्याआधी आपलं अंगण पाहावं, हे तुलनात्मक जाहिरात करणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगायला हवं.

रानपाखरू
+१ चौकस यांच्या प्रयोगाला.

माझ्याकडून दोन. फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलने सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी पहिल्यांदा जाहिरात दाखवली. जाहिरातींवर जगणारी ही कंपनी स्वतःची टीव्ही जाहिरात करायचं टाळत आली होती. आधीच्या जूनमध्ये बिंग आलं होतं आणि त्याच्या प्रचारावर मायक्रोसॉफ्ट पाण्यासारखा पैसा ओतत होती. गूगलच्या जाहिरातीत एकही माणूस दिसत नाही. सर्चच्या चौकटीत एकामागून एक शब्द उमटतात आणि त्यातून पॅरिसमधली प्रेमकथा उलगडते, परदेशात शिकायला जाण्यापासून पाळणा जोडण्यापर्यंत. प्रतिस्पर्ध्याचं नावही नाही. 'स्क्रूगल्ड'च्या शेजारी ही लावा, मुलांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

दुसरं फेब्रुवारी २०२३. ७ तारखेला मायक्रोसॉफ्टने चॅट करणारं नवं बिंग आणलं, आणि गूगलला आपण नाचायला लावलं हे लोकांना कळू दे, असं सत्या नडेला मुलाखतीत म्हणाले. गूगलनेही घाईने बार्ड या आपल्या चॅटबॉटची जाहिरात सोडली. तिच्यात बार्ड सांगतो की सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचं पहिलं छायाचित्र जेम्स वेब दुर्बिणीने घेतलं. प्रत्यक्षात ते २००४ मध्येच चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने घेतलेलं होतं. चूक उघड झाली आणि ८ तारखेला गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटचं बाजारमूल्य सुमारे १०० अब्ज डॉलरनी घसरलं. जाहिरातीतलं एक वाक्य तपासलं नाही तर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

वाटाड्या
धागा छान रंगलाय, पण मुख्य गोष्ट अजून आलेली नाही. ही सगळी प्रकरणं दाखवलीत आणि तिथेच थांबलात तर मुलं असं समजून घरी जातील की जाहिरातींनी कुणीतरी जिंकलं. तसं झालेलं नाही. निकाल लागला तो डिफॉल्टवर, म्हणजे फोन हातात घेतल्यावर आधीच बसवून ठेवलेलं सर्च इंजिन कुणाचं आहे यावर.

अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या खटल्यात आकडे बाहेर आले. फक्त २०२१ या एका वर्षात ही जागा मिळवण्यासाठी गूगलने ब्राउझर, फोन कंपन्या आणि मोबाइल सेवा कंपन्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर दिले. २०२२ मध्ये एकट्या अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज. बिंग बाजारात आलं तेव्हा त्याच्या प्रचाराचा खर्च १० कोटी डॉलरच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या, आणि तो आकडा तेव्हा प्रचंड वाटला होता! २६.३ अब्ज आणि १० कोटी हे दोन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय दिला, तो प्रामुख्याने या करारांमुळेच.

माझी कळकळीची विनंती आहे, सत्राचा निदान तिसरा हिस्सा याला द्या. पोस्टरं सगळ्यांना दिसतात, करार कुणालाच दिसत नाहीत, आणि उद्या ही मुलं ज्या कंपन्यांत जातील तिथे खर्चाचा मोठा भाग अशाच न दिसणाऱ्या जागांवर होत असेल.

चौकस
वाटाड्या, मुद्दा वजनदार आहे, पण दुसरी बाजूही मांडायला हवी. २०२१ मध्ये युरोपातल्या न्यायालयात गूगलच्या वकिलांनी सांगितलं होतं की बिंगवर सर्वांत जास्त शोधला जाणारा शब्द 'गूगल' हाच आहे. म्हणजे डिफॉल्ट दुसरं असलं तरी लोक वाट काढत गूगलकडे जातात. फायरफॉक्सचंही पाहा: २०१४ च्या शेवटी हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने अमेरिकेत याहूला डिफॉल्ट केलं, याहूचा वाटा थोडा वाढला, आणि २०१७ मध्ये मोझिला पुन्हा गूगलकडे आली.

वाटाड्या
बरोबर, म्हणून दोन्ही बाजू द्या. पण मेहतांच्या त्याच निकालपत्रात मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरचा आकडाही आहे. एजवर बिंग डिफॉल्ट आहे आणि तिथले सुमारे ८० टक्के शोध बिंगवरच होतात. एज वापरणारे लोक मुळातच वेगळे असतील, हा आक्षेप मुलं घेतील, घेऊ द्या. तरीही एरवी एवढं मागे असलेलं बिंग तिथे इतकं पुढे कसं, याचं उत्तर द्यावंच लागतं. आणि लोक आपणहून येणारच असतील तर वर्षाला २६ अब्ज डॉलर कशासाठी मोजायचे?

सांजवारा
अमेरिकेबाहेरचं एक घ्या. जाहिरात आणि खरा निकाल यांची सरमिसळ झाली की काय होतं ते चीनमध्ये २०१६ मध्ये दिसलं. वेई त्सेशी या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला दुर्मीळ कर्करोग होता. बायडू या चिनी सर्च इंजिनवर वरती दिसलेल्या, पैसे देऊन वर आणलेल्या एका उपचाराच्या मागे तो आणि त्याचे आईवडील गेले. बराच पैसा गेला, उपचार लागू पडला नाही, आणि एप्रिलमध्ये तो वारला. लोक इतके संतापले की सरकारने चौकशी केली आणि एका पानावर जाहिरातींचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आत ठेवायला बायडूला भाग पाडलं.

टांकसाळ यांनी गोटूच्या क्लिकच्या किमतीबद्दल लिहिलंय, त्याला हे जोडून सांगा. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्येच सर्च कंपन्यांना पत्र पाठवून जाहिरात स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे असं बजावलं होतं, आणि २०१३ मध्ये पुन्हा लिहावं लागलं. हे प्रकरण सांगताना आवाज चढवू नका, फार स्लाइड्सही नकोत. त्या मुलाचं वय तुमच्या विद्यार्थ्यांएवढंच होतं.

रानपाखरू
डकडकगो हे छोटं सर्च इंजिन राहिलं की. जानेवारी २०११, सॅन फ्रान्सिस्को, रस्त्यालगत एकच होर्डिंग: गूगल तुमच्यावर पाळत ठेवतं, आम्ही नाही. खर्च सुमारे ७,००० डॉलर, आणि बातम्या मोठमोठ्या वर्तमानपत्रांत. लहान कंपनीने मोठ्याला कसं गाठावं, याचा धडा आहे. मात्र २०२२ मध्ये त्यांच्याच ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना, म्हणजे वापरणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या कोडना, करारामुळे सूट होती हे उघड झालं. टीका झाल्यावर ऑगस्टमध्ये त्यांनी ती बरीचशी बंद केली. ज्या गोष्टीची जाहिरात करतो तीच सर्वांत आधी तपासली जाते, हे मुलांना यातून दाखवता येईल.

दीपमाळ
सगळ्यांचे मनापासून आभार, धागा वाचनखुणेत ठेवलाय. आता असं ठरवतेय: गोटू-ओव्हरचरने सुरुवात, मग चौकस यांचा प्रयोग वर्गातच, मग पॅरिसची जाहिरात आणि 'स्क्रूगल्ड' शेजारी शेजारी. बार्ड आणि डकडकगो थोडक्यात. वेई त्सेशीला स्वतंत्र वेळ देणार. शेवटचा अर्धा तास पूर्ण डिफॉल्टचा.

एकच राहिलं. त्या खटल्यात पुढे काय झालं? मुलं विचारणारच.

वाटाड्या
२ सप्टेंबर २०२५ ला मेहता यांनी उपाय जाहीर केले. क्रोम विकायला लावावं ही सरकारची मागणी त्यांनी फेटाळली. इतर कुणाचं सर्च इंजिन ठेवूच नका, अशा अटीचे करार गूगलला आता करता येणार नाहीत, पण डिफॉल्ट जागेसाठी पैसे देणं चालू ठेवता येईल. शिवाय शोधांचा काही डेटा पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यावा लागेल. चॅटजीपीटीसारखी साधनं आल्याने बाजार बदलतोय, हेही त्यांनी विचारात घेतलं.

इथे एक करून पाहा. वर्गाचे दोन गट करा. एकाला अ‍ॅपलच्या बाजूने बसवा, दुसऱ्याला बिंगच्या, आणि अटी सांगून सौदा करायला लावा. बिंगकडे गूगलएवढे पैसे नाहीत असं समजू नका, मायक्रोसॉफ्टकडे ते आहेत. तरी अ‍ॅपल हो का म्हणत नाही, ते त्यांना शोधू द्या.