लॅमिनेशनवरची शाई आणि नकाशाची गुंडाळी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलावर सोंगट्या मांडून खेळायच्या भूमिका-खेळाच्या लॅमिनेट केलेल्या नकाशावरच्या व्हाइटबोर्ड मार्करच्या रेघा आठवड्याने निघेनात, असं एकाने विचारलंय. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती शाई वाळून प्लॅस्टिकला घट्ट धरते. त्याच मार्करने रेघेवर पुन्हा गिरवा आणि ओली असतानाच पुसा. नव्या शाईतल्या द्रावकाने जुनी सुटते. मोहीम (अनेक बैठकांत चालणारी खेळाची गोष्ट) लांबणार असेल तर पाण्याने निघणारा मार्करच घ्या.

नकाशावरचे चौकोन एक इंचाचे, प्रत्येक म्हणजे खेळातले पाच फूट. २२ × २८ इंची कार्डशीटवर सोलापूरचा अख्खा भुईकोट किल्ला मावणार नाही, म्हणून दरवाजा, खंदक आणि तलावाकडची तटबंदी एवढंच काढा. मुलांना ओळखीची जागा फार आवडते!

घडी नकोच, घडीवर लॅमिनेशन पांढरं पडून फाटतं. चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा, म्हणजे उलगडल्यावर कडा टेबलाला टेकतात आणि सोंगट्या पडत नाहीत.