डेंग्यूचा रिपोर्ट येईपर्यंत तापाला कोणती गोळी?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर):
बाबा ६८ वर्षांचे. कालपासून १०२ ताप, डोळ्यांच्या मागे ठणकते, कंबर धरली आहे. एनएस१ चा (डेंग्यूच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट उद्या मिळेल. मेडिकलवाला म्हणून राहिला, कॉम्बिफ्लाम द्या, अंग मोकळं होते. देऊ का? बीपीची गोळी सुरू आहे.

उत्तर (सक्करदरा, फार्मासिस्ट):
ताई, नका देऊ. त्यात पॅरासिटामॉलसोबत ४०० मिग्रॅ आयबुप्रोफेन असते. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात, त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. बीपीवाल्यांच्या किडनीलाही ते जड जाते. साधी पॅरासिटामॉल द्या, ५०० किंवा ६५०, दोन डोसमध्ये सहा तास ठेवून. सर्दीची गोळी सोबत असेल तर पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. तिच्यातही बहुतेकदा पॅरासिटामॉलच असते आणि नकळत डोस दुप्पट होतो, लिव्हरवर येते. लिव्हरचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या.

प्रश्नकर्ती:
पाकिटं पाहिली. हृदयासाठी ७५ ची ॲस्पिरिन रोज घेतात ते! बंद करू?

उत्तर (सक्करदरा):
मनाने बंद करू नका, आत्ताच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. हा फोन उद्यावर ढकलू नका.

उत्तर (नंदनवन):
ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, डेंग्यूत खरी काळजी तेव्हाच. पोटात जोराने दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर सरळ दवाखाना. आणि कूलरची टाकी आजच रिकामी करून घासा.