शटडाऊन : सरकार बंद पडले, बंद पाडले की बंद राहिले?

दौतटाक
अमेरिकेतल्या एका जनमत चाचणीची प्रश्नावली मराठीत आणायची आहे. विषय २०२५ चा शटडाऊन, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने तिथल्या सरकारचे कामकाज थांबले तो; १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवसांचा. अडलेला प्रश्न असा : "सरकार बंद पडण्याला आपल्या मते जास्त जबाबदार कोण? राष्ट्राध्यक्ष, काँग्रेसमधले रिपब्लिकन, काँग्रेसमधले डेमोक्रॅट, की सगळे सारखेच?" मसुदा तपासणाऱ्यांनी 'बंद पडण्याला' खोडून 'टाळेबंदीला' केले, आणि पुढच्या प्रश्नात ग्रिडलॉकसाठी (कुणीच न हटल्याने सगळे अडून राहणे) मी लिहिलेला 'कोंडी' काढून 'गतिरोध' घातला. मला दोन्ही बदल पटत नाहीत. काय वापरावे?

पडताळणी
टाळेबंदी नकोच. एक तर औद्योगिक विवादात टाळेबंदी मालक करतो, कामगाराला नमवायला. दुसरे, २०२० पासून हा शब्द ऐकला की करोना आठवतो. आणि मुख्य म्हणजे तिथे कुणी टाळे लावतच नाही, खर्चाचा अधिकार संपतो. वर्षाला १२ खर्चविधेयके लागतात. ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत ती झाली नाहीत आणि तात्पुरती मुदतवाढही मिळाली नाही, तर ज्या खात्याचे विधेयक अडले तेवढेच थांबते. २०१८-१९ च्या ३५ दिवसांत संरक्षण खात्याचा पैसा आधीच मंजूर होता, म्हणून ते चालू होते. टपाल स्वतःच्या उत्पन्नावर चालते, तेही चालू राहते. मंजुरीशिवाय खर्च करू नये हा कायदा एकोणिसाव्या शतकातला आहे, पण १९८० पर्यंत मंजुरी लांबली तरी कचेऱ्या सहसा सुरूच राहत. त्या वर्षी महान्यायवादी सिव्हिलेटी यांनी मत दिले की मंजुरी नसेल तर काम थांबवलेच पाहिजे, आणि तिथून हा प्रकार सुरू झाला. ज्या शब्दात 'मंजुरी संपली' हा अर्थ नाही, तो शब्द अपुरा.

(शिवाय 'टाळेबंदी' आणि 'ताळेबंद' यांची गल्लत अर्थसंकल्पाच्या बातमीत हमखास होते. ताळेबंदातला ताळा हिशेब पडताळण्याचा आहे, कुलपाचा नाही.)

फीडरवाला
मग 'शटडाऊन' तसाच ठेवा की! गावोगावी कळतो. फक्त आपल्याकडे तो कोणत्या अर्थाने कळतो ते पाहा. ११ केव्हीच्या फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, काम करायचे असेल तर लाइनमन उपकेंद्राकडून शटडाऊन 'घेतो'. ब्रेकर आणि आयसोलेटर हे स्विच उघडून वीज तोडतात, लाइन मृत झाल्याची खात्री करून ती जमिनीला जोडतात (अर्थिंग), मगच माणूस खांबावर चढतो. काम झाले की अर्थिंग काढून शटडाऊन 'परत करतात'. पाणीपुरवठ्याचेही तसेच : 'शुक्रवारी २४ तासांचा शटडाऊन, पाणी जपून वापरा.' म्हणजे मराठी कानाला शटडाऊन ठरवून, दुरुस्तीसाठी आणि मुदत सांगून घेतलेला असतो. अमेरिकेतल्याला परतीची वेळ नसते. एवढा धोका पत्करायचा असेल तर ठेवा.

कोकणकडा
माझ्या मते नामापेक्षा क्रियापद महत्त्वाचे. 'बंद पडले' म्हटले की यंत्र आपोआप बिघडले. 'बंद पाडले' म्हटले की कुणीतरी मुद्दाम केले. विधानसभेच्या बातम्यांत 'विरोधकांनी कामकाज बंद पाडले' हे ठरलेले वाक्य आहे. 'बंद ठेवले' म्हणजे चालवता येत असून चालवले नाही. दोष कुणाचा हे विचारणाऱ्या प्रश्नातच यातले एक घातले तर अर्धे उत्तर आपण दिलेले असते.

११ डिसेंबर २०१८ ला ट्रम्प यांनी कॅमेऱ्यांसमोर डेमोक्रॅट नेत्यांना सांगितले की सीमासुरक्षेसाठी सरकार बंद करायला मला अभिमान वाटेल, दोष तुम्हाला देणार नाही. कर्ता त्यांनी स्वतःच पुरवला. नंतरच्या चाचण्यांत जास्त लोकांनी त्यांनाच जबाबदार धरले, हे नवल नाही. म्हणून प्रश्न असा करा : "खर्चाला मंजुरी न मिळाल्याने केंद्र सरकारचे बरेचसे कामकाज थांबले. याला जास्त जबाबदार कोण?" लांब आहे, पण कुणाकडे झुकत नाही.

दौतटाक
'कामकाज' पटले. नुसते 'सरकार' लिहिले की मराठी वाचक मंत्रिमंडळ समजतो, 'सरकार पडले'मधले.

हिशेबनीस
त्याचे कारण आपल्या घटनेत आहे. इथे अर्थसंकल्प लोकसभेत हरला तर सरकार जाते, कचेऱ्या बंद होत नाहीत. राज्यसभेला धनविधेयक १४ दिवसांत परत करावे लागते, आणि वेळ कमी असेल तर लेखानुदान घेतात. जी अवस्था आपल्याकडे येतच नाही तिला तयार शब्द कुठून असणार?

प्रश्नावलीत पुढे फर्लो (शटडाऊनमध्ये कर्मचाऱ्याला घरी बसवणे) आला असेल तर सांभाळा. महाराष्ट्राच्या तुरुंग नियमांत फर्लो म्हणजे कैद्याची संचित रजा, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. अमेरिकन कर्मचाऱ्याला 'संचित रजेवर पाठवले' लिहिलेत तर अनर्थ. 'बिनपगारी रजा'ही पूर्ण बरोबर नाही, कारण २०१९ च्या कायद्याप्रमाणे थकलेला पगार नंतर द्यायचा आहे. 'सक्तीची रजा, पगार थकीत' असे लिहा. जे पगाराविना कामावर येतात त्यांना 'अत्यावश्यक' म्हणण्याआधीही थांबा. आपल्याकडे त्या शब्दामागे संपबंदीचा मेस्मा उभा असतो, आणि घरी बसवलेल्याला 'अनावश्यक' म्हटल्यासारखे होते. 'कामावर ठेवलेले' पुरे.

जुनी पोथी
कोंडी की गतिरोध हे राहिलेच. गतिरोध शुद्ध संस्कृत आहे, हिंदीने वापरला म्हणून तो हिंदीचा होत नाही. 'कोंडी' बोलीतला, प्रश्नावलीत शोभत नाही.

कोकणकडा
शोभण्याचा प्रश्नच नाही. ग्रिडलॉक हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरचा शब्द, १९८० च्या तिथल्या वाहतूक संपात रूढ झालेला. एका चौकातल्या गाड्यांनी पुढचा चौक अडवला, त्यांनी त्याच्या पुढचा, की कुणालाच हलता येत नाही. आपण रोज 'वाहतूक कोंडी' म्हणतो ती हीच. गतिरोधक म्हणजे मराठी माणसाला रस्त्यावरचा उंचवटा. गाडी हळू होते आणि पुढे जाते. सिनेटमध्ये १०० पैकी ६० मते जमत नाहीत तेव्हा गाडी पुढे जात नाही.

फक्त 'अडवणूक' टाळा. कोंडीला कर्ता लागत नाही, अडवणुकीला लागतो.

पडताळणी
आणि 'काँग्रेस' की 'संसद' हेही ठरवा, उत्तरे त्यावरही हलतील. 'काँग्रेस' वाचून मराठी वाचकाला पक्ष आठवतो. शिवाय लोकांचा राग संस्थेवर असतो, आपल्या प्रतिनिधीवर नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये गॅलपच्या चाचणीत काँग्रेसच्या कामावर खूश असलेले ९ टक्के होते. वर्षभराने प्रतिनिधिगृहात पुन्हा उभे राहिलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक निवडून आले, आणि २०१३ च्या शटडाऊनचा दोष ज्यांच्यावर जास्त आला त्या रिपब्लिकनांनी सिनेटही जिंकले. म्हणून 'काँग्रेस' आणि 'तुमचे प्रतिनिधी' हे दोन प्रश्न एका वाक्यात घालू नका.

जुनी पोथी
बोलीच हवी तर 'हरताळ' का नको? संस्कृतात हट्ट म्हणजे बाजार, त्याला ताळे. जुना, आपला शब्द.

हिशेबनीस
हरताळ दुकानदार आपणहून पाळतो, निषेध म्हणून. इथे घरी बसलेल्या कर्मचाऱ्याचा निषेध कुठे आहे? आणि 'हरताळ फासला' म्हटले की अर्थच बदलतो.

जुनी पोथी
तो हरताळ वेगळा. पिवळे खनिज, पोथीतली चुकीची अक्षरे झाकायला फासत. दोन मुळे आहेत, एक कुलपाचे, एक रंगाचे.

फीडरवाला
मग 'आश्वासनाला हरताळ फासला' यातला रंगाचा आणि 'कडकडीत हरताळ'मधला कुलपाचा? कोशांत हे वेगवेगळे शब्द म्हणून दिलेत की एकाच शब्दाचे दोन अर्थ म्हणून?