कुपनानं नक्की किती वाचलं? सोलापूरकरांनो, हिशोब मांडा

माळा आवरताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हाती लागला. आत कुपनं, चौदा! ‘१,५०० च्या खरेदीवर १०० रुपये सूट’, ‘पुढच्या खरेदीवर साखर मोफत’, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत अटी. तेरांची मुदत संपलेली. म्हणजे मी ती वाचवली नाहीत, नुसती साठवली.

माझाच हिशोब आधी. गेल्या महिन्यात या कुपनांच्याच एका भावंडाला घेऊन विजापूर रोडच्या दुकानात गेले. यादीप्रमाणे बिल झालं १,३४० रुपये. कुपन चालायला १,५०० हवेत. मग १९५ चं बाथरूममध्ये लटकवायचं सुगंधी काहीतरी उचललं. १,५३५ वजा १००, दिले १,४३५. म्हणजे ९५ जास्त, वर रिक्षाचे ६०. ‘शंभर वाचले’ म्हणत घरी आले आणि दीडशे घालवलेले! ते सुगंधी प्रकरण अजून लटकतंय, वास चार दिवसांत गेला.

आता या धाग्यावर तुमचा हिशोब लिहा. कुपन, स्कीम, दिवाळी फंड, मोबाईलवरचे कोड, काहीही चालेल. नुसतं ‘खूप फायदा झाला’ नको. आकडा सांगा, बुडाला असेल तर तोही.

साखर पेठेतली आजी

आमच्या वेळी कुपन पेपरात यायचं. कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढं, वर नंबर. रोज एक कापायचं आणि तक्त्यावर त्या नंबरच्या चौकटीत चिकटवायचं. तक्ता भरला की एजंटाकडं रांग, मग वस्तू. डिंक विकत कोण आणतंय? आमचे हे सायझिंगमध्ये कामाला होते, सुताला लावायची खळ वाटीभर घरी यायची. खळ वाळली की तक्ता पापडासारखा कडक व्हायचा. एकदा रात्रीत झुरळांनी सतरा नंबर निम्मा खाल्ला. दुसऱ्या दिवशी मी रद्दीवाल्याच्या दारात बसून अख्खा गठ्ठा उपसला, तेव्हा सतरा मिळाला.

पेपर आम्ही आणि शेजारीण मिळून घ्यायचो, अर्धे अर्धे पैसे. कुपन मात्र एकच. आठ दिवस अबोला झाला. शेवटी ठरलं, तक्ता एकच भरायचा आणि निघेल ती वस्तू सहा-सहा महिने वापरायची. निघाला काय, तर भाकरी गरम ठेवायचा डबा. आमच्याकडं ज्वारीची कडक भाकरी, तिला गरम डबा कशाला? झाकण लावलं की घाम सुटून मऊ पडायची. माझे सहा महिने डबा शेंगा ठेवायला वापरला.

फायदा म्हणशील तर पेपर आधीपासून घेत होतो, म्हणून डबा फुकट. मागच्या बोळातल्या एकीनं कुपनासाठी दुसरा पेपर लावला होता. तिला तो डबा कितीला पडला ते तिनं कधी सांगितलं नाही.

अशोक चौक

आजी, झुरळांचं वाचून हसू आलं. आमच्या घरी कुपन म्हणजे दिवाळी फंडाचं कार्ड. अम्मा विड्या वळायची. दर महिन्याला २०० रुपये किराणा दुकानात भरायचे, मालक कार्डावरच्या चौकोनात सही करायचा. अकरा महिन्यांचे २,२०० झाले की दिवाळीला २,४०० चा माल. रवा, मैदा, बेसन, तेल, डालडा, आणि वर एक उटण्याची पुडी, ती ‘आपल्याकडून’.

कागदावर २०० चा फायदा. पण अम्माला मोजता यायचं. एका वर्षी तिनं तोच माल मंगळवार बाजारात भाव विचारत विचारत जोडून पाहिला, तर २,२५० च्या आसपास बसला. म्हणजे खरा फायदा पन्नासचा. मी म्हटलं, मग कशाला भरतेस? म्हणाली, हातात राहिले असते तर दिवाळीपर्यंत टिकले असते का? याला माझ्याकडं अजून उत्तर नाही.

एका वर्षी वेगळ्या दुकानात भरले. तिथं २,५०० चा माल देणार होते. दसऱ्याच्या आधी दुकानाला कुलूप. गल्लीतल्या तीस-चाळीस बायकांची कार्डं हातात तशीच. पावती नाही, नुसत्या सह्या. तेव्हापासून अम्माचा नियम एकच, ज्याचं घर दुकानाच्या माडीवर, त्याच्याकडंच फंड.

सैफुल, सध्या मुक्काम पुणे

आमची गंमत सोडेक्सोच्या खाण्यापिण्याच्या कुपनांची. कंपनीतून कागदी कुपनांचं पुस्तक मिळायचं, मी ते जपून गावी आणायचो. सोलापुरात घेणारी दुकानं मोजकीच. त्यात सुटे परत नाहीत, म्हणून ४७० चं बिल ५०० वर न्यायला ३० रुपयांची चॉकलेटं. माझ्या भाचीचे दात त्या कुपनांनी किडले असा ताईचा आरोप आहे. २०१७ संपताना कागदी कुपनं बंद झाली, कार्ड आलं, पैशापैशाला कापलं जायला लागलं. भाची मात्र नाराज.

बाळीवेसेतला दुकानदार

ताई, मी गल्ल्याच्या या बाजूनं लिहितो. रागावू नका.

‘अमुकवर शंभर’ हे कुपन तुमचं बिल बघूनच काढलेलं असतं. माझी गिऱ्हाइकं साधारण बाराशे-तेराशेची असतील तर मी अट पंधराशेची घालणार, हजाराची का घालीन? मधला फरक भरायला तुम्ही जे उचलता त्यातच आमची मार्जिन जास्त असते. तेल-साखरेत आम्हाला फारसं सुटत नाही, म्हणून अटींत बारीक लिहिलेलं असतं, तेल-साखर वगळून. तुमचं ते सुगंधी प्रकरण गल्ल्याशेजारी टांगलेलं होतं ना? ते उगाच नसतं टांगलेलं.

आता कामाचं सांगतो. पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा मिलीचा दर छापलेला असतो. तो वाचा. ‘एकावर एक’ असेल तर आधी तारीख बघा, बहुतेक वेळा माल महिन्याभरात जाणारा असतो. तेलाचं तर नक्की बघा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पण पिशवी ८५० ची पण येते, ८०० ची पण येते. दिसायला सगळ्या बहिणी. दहा रुपये कुपन लावून ८५० ची नेली तर ६० ग्रॅम कमी नेलं. तेल १५० रुपये लिटर धरलं तरी त्या ६० ग्रॅमचेच जवळपास दहा होतात. मग राहिलं काय?

आणि खरी सूट कुपनाशिवाय पण येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शांपू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. आधी ११८ ला पडणारी वस्तू १०५ ला. इतकं देणारं कुपन मी तरी काढू शकत नाही. गिऱ्हाईक तरी विचारतंच, “मालक, यावर स्कीम काय?”

जुळे सोलापूर, कॉलेजवाला

मालक एक नंबर बोललाव बे! माझं ऐका. ॲपवर नव्या माणसाला पहिल्या ऑर्डरला १५० सूट. मी आधी माझ्या नंबरवर घेतली, मग पप्पांच्या, मग आईच्या, मग आजीच्या. चार वेळा मिळून ६०० वाचले, हे पक्के, कारण मागवलं ते यादीतलंच. पण आता दिवसभर आजीचा फोन वाजतोय. तिनं माझ्याकडून मेसेज वाचून घेतला आणि विचारायलीय, “हा डिअर कस्टमर कोण रे? रोज सकाळी आठवण काढतोय.”

अजून एक. काही साइटवर वस्तूच्या किमतीखाली कुपनाचा छोटा चौकोन असतो, त्यावर टिक केल्याशिवाय सूट बसत नाही. आईनं सहा महिने टिक न करता गव्हाचं पीठ मागवलं. मी सांगितल्यावर मलाच ओरडली.

होटगी रोड

माझं कुपन काउंटरवर नाकारलं. मुदत होती, रक्कम बसत होती, तरी ‘सिस्टीम घेत नाही’. मागं रांग, लोक च्यक च्यक करायला लागले, म्हणून मुकाट पूर्ण पैसे दिले. घरी आल्यावर मुलीनं बिल आणि कुपन दोन्हीचे फोटो काढून १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. दहा-बारा दिवसांनी दुकानातून फोन आला, ७५ रुपये परत. पैशापेक्षा त्या रांगेचं जास्त लागलं होतं.

साखर पेठेतली आजी

दुकानदार भाऊ, तुमचं दुकान कुठल्या बाजूला? दिवाळी फंड घेता का? आणि घर माडीवर आहे का?

बाळीवेसेतला दुकानदार

माडीवरच आहे आजी. या.

अशोक चौक

ताई, त्या चौदातलं एक अजून चालू आहे म्हणालात. त्याचं काय केलं?

धागा काढणारी

इथंच आहे, फ्रिजवर चुंबकाखाली. रविवारपर्यंत मुदत, कमीत कमी २,००० ची खरेदी, तेल-साखर वगळून. महिन्याचा माल भरायचाच असेल अशा कुणी घेऊन जा. माझी यादी १,३०० च्या वर जात नाही.